दाणा, गवत, नाल आणि माणूस

१९८६ साल. मी एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि आमच्या हिशेबाच्या कचेरीत पहिल्यांदाच साहेब म्हणून एक बाई आली.

पेनाचं टोपण काढायचं, कागदावर पेन टेकवायचं, आणि सही करायच्या ऐन वेळी मान वर करून विचारायचं, "कागद आहे. माणूस कुठाय?" ही त्यांची रीत. पहिल्याच दिवशी आमच्या बडे बाबूंनी जुन्या नोकरांच्या पेन्शनीचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी वरचा कागद पाहिला आणि हेच विचारलं. बडे बाबू जयपूरचेच, अंगात बंद गळ्याचा कोट आणि तोंडात पान. ते म्हणाले, "मैडमजी, माणूस घर पे होगा. पेन्शनवाला है, दफ्तर थोड़े ही आएगा."

"मग आपण जाऊ," बाई म्हणाल्या आणि टोपण लावून टाकलं.

मी दारात उभा होतो, चाऱ्याच्या बिलासाठी. मनात म्हटलं, ही बाई काही इथं टिकत नाही.

आमची संस्था इंग्रजांच्या अमदानीत एका गोऱ्या डॉक्टरनं उभी केलेली. रोगांवर संशोधन चालायचं, औषधं व्हायची. सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तातून काढतात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्यासाठी मागच्या बाजूला मोठा तबेला होता आणि त्या तबेल्यातला मी सगळ्यात जुना मोतद्दार. गाव सातारा जिल्ह्यातलं. शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पलटणीत खेचरं सांभाळली, पण एका सुभेदाराशी वाजलं म्हणून पेन्शन पिकायच्या आतच बाहेर पडलो. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पलटण तेव्हा जयपूरला होती, म्हणून नोकरीही इथलीच धरली. तबेल्यात आलेल्या सगळ्यात दांडग्या घोड्याचं नाव मी सुभेदार ठेवलं होतं. त्याला रोज खरारा करताना फार बरं वाटायचं.

बाई नागपूरच्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आणि चालताना छत्री काठीसारखी आपटत चालायच्या. नवरा विमा कंपनीत, बदलीनं इकडं आलेला. आदर्श नगरात भाड्याचं घर. घरात पोरी हिंदीत भांडायच्या आणि बाई त्यांना नागपुरीत दटावायच्या. मला त्या मामाजी म्हणायच्या. मी म्हटलं, "आमच्याकडं नुसतं मामा म्हणतात." तर म्हणाल्या, "आमच्याकडे जी लावल्याशिवाय घोड्यालाही हाक मारत नाहीत."

पेन्शनवाल्यांना भेटायला जायचं तर जीप पाहिजे. डायरेक्टर साहेबांनी जीप दिली नाही. त्यांना वाटलं, संपलं प्रकरण. बाई छत्री आपटत तबेल्यात आल्या. "मामाजी, हिरवा चारा आणायला तुम्ही कुठे जाता?"

"आमेरकडं. तिथली शेतं आपल्याला चारा देतात."

"गाडीत जागा असते?"

"जाताना असते. येताना गवत असतं."

"येताना मी गवतावर बसते ना."

आणि बसल्या! संस्थेच्या हिशेबाच्या साहेब गवताच्या भाऱ्यावर, डोक्यावर छत्री, आणि पुढं मी लगाम धरून. आमेरच्या चढावर बसमधली माणसं डोकी बाहेर काढून बघायची. मला लाज वाटायची. त्यांना वाटत नव्हती.

आमेरला प्रयोगशाळेतला एक जुना शिपाई राहत होता. कचेरीतून साहेब आलाय म्हटल्यावर त्या म्हाताऱ्यानं आत जाऊन संस्थेचा पितळी बिल्ला लावला आणि अंगणात येऊन सलाम ठोकला. बाई म्हणाल्या, बसा. बसेना. पुन्हा म्हणाल्या. "साब खड़े हैं," म्हणाला आणि तसाच ताठ राहिला, पाय लटपटत होते तरी. शेवटी बाईच फतकल मारून ओट्यावर बसल्या, तेव्हा कुठं तो टेकला. त्यांनी त्याला पेन्शनीचं काहीच विचारलं नाही. गुडघ्याला काय लावता, सून जेवायला वेळेवर देते का, असलंच. निघताना त्याच्या पेन्शनीच्या बिलावर सही केली. परतीच्या वाटेवर गवतावरून आवाज आला, "आता पाहा मामाजी, पेन कसं झरझर चाललं."

त्या भल्या होत्या असं मात्र समजू नका. भल्या माणसाशी माझं जमत नाही. पुतणीच्या लग्नासाठी मी उचल मागितली, तर नियमात बसत नाही म्हणून सरळ नाही म्हणाल्या. मी अबोला धरला. त्यांनीही धरला. दर बुधवारी गाडी आमेरला जायची, मी पुढं तोंड करून, त्या मागं तोंड करून. कुणी कुणाला पाणीसुद्धा विचारायचं नाही. शेवटी एका बुधवारी चाक खड्ड्यात गेलं आणि बाई गवतासकट खाली घसरल्या. मी मागं वळून बघितलं. म्हणाल्या, "हसा, हसा. उचल तरी मिळणार नाही." तिथं अबोला सुटला.

मग ती बातमी आली. तबेला बंद करायचा. औषध दुसरीकडून विकत आणायचं, घोडे विकायचे आणि आम्हा मोतद्दारांना बक्षीस देऊन घरी पाठवायचं. बक्षीस! मी बडे बाबूंना विचारलं, "आणि पेन्शन?"

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मामा, तुम्हारा नाम स्टाफ में है कहां?"

खरंच नव्हतं. गोऱ्या डॉक्टरनं संस्था काढली तेव्हा दर घोड्यामागं खर्च मंजूर करून ठेवला होता: दाणा, गवत, नाल आणि माणूस. त्याच क्रमानं. पगार आम्हाला महिन्याच्या महिन्याला मिळायचा, पण तो घोड्याच्या खर्चातून. घोडा गेला की दाणा बंद, गवत बंद, माणूस बंद. इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं हे विचारायचं, कारण आमच्यातला जो जायचा तो काम करतानाच जायचा.

बक्षिसाच्या पावतीवर अंगठा उठवला की मागचा सगळा हक्क सोडला, असं त्या कागदात होतं. तो कागद बाईंकडं सहीला गेला. बाईंनी टोपण काढलंच नाही. तडक तबेल्यात आल्या, आम्हाला सगळ्यांना लिंबाखाली बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही संस्थेचे नोकर आहात, हे मला दाखवा."

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. कुणी म्हणालं, आम्ही सलाम करतो. कुणी म्हणालं, आम्हाला संस्थेची खोली आहे. बाई मान हलवत राहिल्या. मला राग आला. म्हटलं, "बाई, ह्यांचं सोडा. ह्या सगळ्यांना कधी ना कधी दंड झालाय. घोडा वजनकाट्यावर उतरला, म्हणजे वाळला, की मोतद्दाराला दंड, ही इथली रीत. माझा घोडा एकदाही उतरला नाही. मी एकदाही दंड भरला नाही. माझ्यासारखा नोकर दाखवा!"

बाईंनी छत्री जमिनीवर आपटली. "दंड? कशातून कापतात?"

"पगारातून."

"आणि जातो कुठे?"

ते मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं. तो स्टाफच्या पेन्शन फंडात जायचा. इंग्रजांच्या वेळेपासून.

संस्थेची कमिटी बसली तेव्हा बाईंनी काय सांगितलं, ते चहा नेणाऱ्या शिपायाकडून आम्हाला कळलं. त्या म्हणाल्या, दाण्याला कोणी दंड करत नाही. गवताला करत नाही, नालेला करत नाही. ज्याला दंड होतो तो नोकर. आणि ज्याच्या पैशानं फंड भरला, त्याला त्या फंडातून पेन्शन. डायरेक्टर साहेब इंग्रजीत बरंच बोलले. पण अध्यक्ष म्हातारे जज्ज होते, ते खळखळून हसले आणि म्हणाले, ठीक आहे, ज्यांचा ज्यांचा दंड फंडात गेला ते नोकर. महिनाअखेर यादी पाठवा.

तबेल्यात गूळ वाटला. आयुष्यात पहिल्यांदा माणसं आपापले दंड आठवून छाती फुगवत होती. "मेरे तो दो बार कटे थे!" "अरे, मेरा घोड़ा तो सूखके कांटा हो गया था!" मी पण गूळ खाल्ला. आणि मग माझ्या लक्षात आलं.

यादीत सगळे होते. मी नव्हतो.

बाईंनी मला बोलावून विचारलं, "मामाजी, एकदाही नाही? आठवून पाहा."

"एकदाही नाही."

"लहानसा? चुकून झालेला?"

"बाई, तुम्ही मला ओळखता."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग कठीण आहे जी," एवढंच म्हणाल्या.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. रिटायर झाल्यावर संस्थेची खोली सोडायची होती. गावाकडं भावानं घर कधीच आपलं करून घेतलेलं. मुलगा जयपुरातच, मानसरोवर वस्तीत एका खोलीत, त्याची दोन पोरं. पेन्शन नाही म्हणजे मुलाच्या दारात जाऊन हात पसरायचा. ते मी करणार नव्हतो, आणि ते तिला माहीत होतं.

महिना संपायच्या आदल्या दिवशी बडे बाबूंनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. हळूच म्हणाले, "मामा, एक कागज बनाते हैं. दस साल पुराना. लिख देंगे कि तुम्हारा घोड़ा दुबला हुआ, एक रुपया दंड. किसका क्या जाता है?"

"माझा घोडा उतरला असं लिहिणार?"

"अरे, लिखना ही तो है!"

बाई पलीकडच्या टेबलाशी होत्या. त्या म्हणाल्या, "बडे बाबू, खोटं मी लिहिणार नाही. आणि मामाजीही लिहू देणार नाहीत." माझ्याकडं बघितलं नाही, कागदाकडं बघूनच म्हणाल्या. त्या वेळी मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार रागही आला. माझा मार्ग त्यांनी बंद केला होता, आणि मीच तो बंद करणार होतो ते मला करू दिलं नव्हतं.

मी ताडताड तबेल्यात गेलो. सुभेदाराला बाहेर काढलं, अंगावरून हात फिरवला आणि दोर धरून थेट कचेरीच्या पायऱ्यांपाशी नेऊन उभा केला. आणि ओरडलो, "बाहेर या! सगळे बाहेर या! उतरलेला घोडा असा असतो का? बघा ह्याचा पुठ्ठा! बघा ह्याची मान! ह्याच्या नावानं खोटं लिहिणार?"

कारकून बाहेर आले, डॉक्टर बाहेर आले, बाई बाहेर आल्या. मी बोलतच होतो. तीस वर्षांचं बोलणं साठलं होतं. लोक माझ्याकडं बघत नाहीत, माझ्या मागं बघतायत, हे मला जरा उशिरा कळलं.

पायऱ्यांवर डायरेक्टर साहेबांच्या गुलाबाच्या कुंड्या होत्या. फुलांच्या प्रदर्शनासाठी वाढवलेल्या, साहेब स्वतःच्या हातानं पाणी घालायचे. सुभेदार एकेक गुलाब देठासकट, अगदी निवांतपणे खात होता. दोन कुंड्या संपल्या होत्या, तिसरी चालू होती.

साहेब आले. त्यांचा चेहरा गुलाबापेक्षा लाल. "फाइन करो!" ते किंचाळले. "इस बुड्ढे को फाइन करो! अभी! इसी वक्त!"

बाईंनी छत्री खांबाला टेकवली. "साहब," त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, "लिखकर दीजिए."

"लिखता हूं! कागज लाओ!"

बडे बाबूंनी कागद आणला, पळत. मी त्यांना पळताना कधी बघितलं नव्हतं. साहेबांनी खांबावर कागद धरून इंग्रजीत चार ओळी खरडल्या आणि दार आपटून आत गेले. बाईंनी टोपण काढलं. कागद बघितला, मला बघितलं, सुभेदाराला बघितलं. "सगळे हजर आहेत," म्हणाल्या आणि सही ठोकली.

मला काहीही कळलं नाही. मला एवढंच कळलं, की माझ्या नोकरीतला पहिला दंड झाला आणि तो ह्या बाईनं सही करून केला. मी म्हटलं, "उद्या पगार आहे. कापलेला पगार मी घेणार नाही." आणि घोडा घेऊन निघून आलो.

संध्याकाळी बाई आमच्या खोलीवर आल्या. कधी आल्या नव्हत्या. बायकोनं पाट दिला, चहा टाकला. मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो.

"तोंड फिरवून बसले काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दुपारपासनं. जेवलंबी न्हाईत. मी म्हनलं, अवो, घोड्याची अब्रू तुम्ही जपली, माझी कुनी जपायची? मी काय धर्मशाळंत जाऊन ऱ्हाऊ?"

"मामाजी," बाई म्हणाल्या, "यादी उद्या संध्याकाळी जाणार. दंड कापून पगार घेतला, तर तुमचं नाव त्यात. नाही घेतला, तर नाही. आता बोला."

मी भिंतीलाच म्हटलं, "तीस वर्षं मी दंड भरला नाही."

"घोडा उतरला म्हणून नाही भरला. हा दंड घोडा उतरल्याचा नाही. गुलाब खाल्ले ना त्यानं?"

"खाल्ले."

"मग खोटं काय आहे ह्यात?"

बायकोनं चहा पुढं ठेवला. बाईंनी बशीत ओतला, फुंकर मारली. "साहेबांनी काय लिहिलंय, ते तरी ऐका. खाऊन खाऊन माजलेला घोडा, आवरता न येणारा. डायरेक्टरनं लिहिलंय, स्वतःच्या हातानं. माजलेला. असा शेरा ह्या संस्थेत आजवर कोणाच्या घोड्याला मिळाला नाही जी."

मी तोंड वळवलं. "आसं लिवलंय?"

"मी सही केलीय त्याखाली."

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. बाई चहा पिऊन उठल्या. दारात थांबल्या, मला वाटलं आणखी समजावतील. "गुलाब खाल्ल्यावर पोट तर नाही ना बिघडलं त्याचं?" एवढं विचारलं आणि छत्री आपटत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्याही गेल्या. कचेरीनं निरोपाचा चहा केला, तबेल्याला बोलावलं नाही. घोडे त्याच्या आधीच गेले होते. सुभेदाराला एका पोलीस ठाण्यानं नेलं, ते शोभलं त्याला. बाईंनी मला पत्र लिहिलं नाही, मीही लिहिलं नाही. आमच्या दोघांत आधी कोण लिहिणार, हा प्रश्नच होता. आता त्या कुठं आहेत, आहेत का, हे मला ठाऊक नाही. त्यांच्या जागेवर जो आला तो दार लावून बसायचा. पेन्शन मात्र येते. मुलाच्या घरी मी माझ्या पैशानं भाजी आणतो, आणि कुठली आणायची ते मीच ठरवतो.

पण त्या रात्री हे काही माहीत नव्हतं. बाई गेल्यावर मी जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, दाढी केली, ठेवणीतला फेटा बांधला, पलटणीतलं पदक छातीवर लावलं आणि पगाराच्या खिडकीपाशी सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिलो. माझ्यामागं रांग लागू दिली. दंड कापताना कारण वाचून दाखवायची तिथली पद्धत होती. बडे बाबूंनी माझी लाज राखायची म्हणून ते पुटपुटत वाचलं. मी म्हटलं, "ऐकू नाही आलं. मोठ्यानं." त्यांनी मोठ्यानं वाचलं. मी म्हटलं, "हिंदीत सांगा, सगळ्यांना कळू दे." त्यांनी पान थुंकलं आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, की ह्या माणसाचा घोडा खाऊन खाऊन इतका माजला होता, की तो कुणाला आवरेना. रांग हसली. मी हसलो नाही. फेटा सारखा केला आणि हात पुढं केला.

"हां," मी म्हणालो, "आता कापा."